मालकाने येण्यापूर्वी कळवावे

मी आयकर सल्लागार आहे हे कळलं की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस जिलबी जरा हळू खायला लागतो. मी मोजतोय असं त्याला वाटतं. मठ्ठा येईपर्यंत तोच माणूस माझ्या कानाशी लागलेला असतो. "नाही, म्हणजे माझ्या एका मित्राचं आहे हो, सहज विचारतोय." या मित्रांच्या जिवावर माझं घर उभं राहिलं, मुलीचं शिक्षण झालं. त्यांतला एकही मित्र मला आजवर प्रत्यक्ष भेटलेला नाही.

माझं ऑफिस बुधवार पेठेत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. खाली सलीमभाईंचं स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायरचं दुकान. त्यांचे आजोबा तिथेच रेडिओ दुरुस्त करायचे. दिवसभर खालून "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" चालू असतं. नवा अशील दचकतो. जुन्याला त्याशिवाय आकडे आठवत नाहीत. मला तर ते आवाज फारच मानवतात. कॉलेजात मी एकांकिका करायचो. वडिलांनी नाटकातून ओढून आयकरात आणलं, पण "माइक टेस्टिंग" ऐकू आलं की अजून वाटतं, तिसरी घंटा झाली, आता आपली एंट्री.

वडिलांच्या काळात आमच्या फायलींवरचे पत्ते सोपे होते. रविवार पेठ, शुक्रवार पेठ, फार तर डेक्कन. मग उदारीकरण आलं, संगणक आले, दोन हजार साल उजाडलं की ते संगणक गोंधळणार म्हणून जगभर घबराट उडाली आणि आमच्या गिऱ्हाइकांची पोरं विमानात बसली. बघता बघता फायलींवर न्यू जर्सी, टेक्सास, सिंगापूर असे पत्ते यायला लागले. माणसं गेली, पण फ्लॅट काही बॅगेत मावत नाही. ते राहिले इथेच. मग ते भाड्याने गेले आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात रंगतदार अंक सुरू झाला.

नियम असा होता. घर पुण्यात आणि मालकही पुण्यात, तर साध्या नोकरदार भाडेकरूने भाडं द्यावं आणि विसरून जावं. मालकाचा कर मालक बघेल. पण मालक परदेशी राहायला गेला की सरकारच्या हाताला लागत नाही. मग सरकार ज्याचा हात जवळ आहे त्याचा धरतं, म्हणजे भाडेकरूचा. भाडं देतानाच तीस टक्क्यांहून थोडा जास्त कर कापायचा. तो सरकारात भरायचा. त्यासाठी एक वेगळा क्रमांक काढायचा, त्याला टॅन म्हणतात. वर दर तिमाहीला त्याचा हिशेब पाठवायचा. भाडं कितीही लहान असो, अख्खा बंगला असो की एक खोली. आणि हे केलं नाही तर नोटीस मालकाला येत नाही, भाडेकरूला येते. हे शेवटचं वाक्य बोलण्याआधी मी जरा थांबतो. समोर जी शांतता पसरते ती मला फार आवडते.

यातून एकेक नग भेटले. मस्कतच्या एका गृहस्थांची सदाशिव पेठेतली खोली मावसभावाकडे होती आणि भाडं म्हणून तो दर उन्हाळ्यात त्यांच्या सासऱ्यांकडे हापूसच्या पेट्या पोचवायचा. गृहस्थांनी काळजीने विचारलं, "मग आता पेटीतले तीस टक्के आंबे कापायचे का?" मी म्हटलं, "कापा, पण सरकारात भरू नका, नासतील. माझ्याकडे पाठवा." नंतर गंभीर होऊन खरं उत्तरही दिलं. पण पेटी आली.

लंडनच्या एका अशिलाने ऐटीत सांगितलं की तिकडे राहत्या घरातली खोली सामानासकट भाड्याने दिली तर ठरावीक रकमेपर्यंत सरकार कर मागतच नाही. "आपल्याकडे आहे का असं कौतुक?" नाही. आपल्याकडचं कौतुक निराळं. भरलेली घरपट्टी वजा करून जे भाडं उरतं, त्यातले तीस टक्के सरकार दुरुस्ती वगैरेच्या नावाने सोडून देतं. तुम्ही वर्षभरात भिंतीला एक खिळा ठोकला नाही तरी पावती मागत नाही. पुण्यात न विचारता मिळणारी ही एकमेव सवलत असावी.

पण या सगळ्यांत मला सांगायची आहे ती देवस्थळीबाईंची खोली.

वर्ष संपत आलं की कंपन्या नोकरदारांकडे पुरावे मागतात. घरभाड्याची सवलत हवी तर मालकाचं नाव सांगा, पॅन सांगा. अशाच दिवसांत एका दुपारी माझ्या दारात सत्तरीच्या आसपासच्या एक उंच बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे जीन्समधली एक मुलगी, गळ्यात खराडीच्या कंपनीचं ओळखपत्र, चेहरा रडवेला.

"दातार तुम्हीच ना?" बाई म्हणाल्या. "ही म्हणते, मी मालक नाही."

"अहो काकू, मी नाही म्हणत, ऑफिसवाले म्हणून राहिले," मुलगी कळवळली. बोलण्यावरून विदर्भातली.

"मग ऑफिसला सांग, देवस्थळींच्या घरात मालक कोण ते देवस्थळी ठरवतात."

बसा म्हणायच्या आत बाई बसल्या होत्या. मी मनातल्या मनात टाळी दिली. अशी एंट्री मला उभ्या आयुष्यात जमली नाही.

हकीकत अशी. बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. ट्रंक कॉलच्या जमान्यात साऱ्या देशाशी पुणं जोडून देणारा आणि तीन मिनिटं झाली की मध्येच "वाढवून हवा का?" विचारणारा आवाज त्यांचा. त्या आणि त्यांचे यजमान, दोघांनी मिळून नगर रस्त्याला फ्लॅट घेतला, तेव्हा तो भाग इतका लांब वाटायचा की पेठेतल्या नातेवाइकांनी विचारलं, "मुक्काम तिथेच, की पुढे नगरला जाणार?" फ्लॅट घेतला दोघांनी, नाव मात्र घातलं एकट्या मुलाचं, निखिलचं. ही आमच्या पुण्याची लाडकी चूक. एकुलता एक मुलगा, उद्या सगळं त्याचंच, मग नाव बदलायला पुन्हा हेलपाटे कशाला? पुढची खटपट वाचवण्यासाठी घर नेमकं त्याच्या नावावर करायचं, जो घरातून सगळ्यात लांब जाणार असतो. निखिल अमेरिकेला गेला आणि घर अर्धं त्याच्याबरोबर गेलं. विटा इथे, मालक तिथे.

यजमान वारले. नगर रस्त्याच्या त्या 'जंगलात' आयटी पार्क उभे राहिले. बाईंनी निखिलची खोली यवतमाळहून नोकरीला आलेल्या शीतल वानखडेला भाड्याने दिली. भाडं आपल्या हातात घेतलं, पॅनही आपलाच दिला. कंपनीने वीजबिल बघितलं, त्यावर नाव निखिलचं. चौकशी केली, निखिल टेक्सासात. मग शीतलला सांगण्यात आलं की बाई गं, तू कर कापायला हवा होतास.

"बाई," मी शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणालो, "भाडं कुणाच्या हातात पडतं हे कायदा बघत नाही. घर कुणाच्या नावावर आहे ते बघतो. म्हणजे हे भाडं निखिलचं."

"आणि मी कोण?"

मला प्रश्नांची भीती वाटत नाही, पण हा प्रश्न कुठल्याच कलमात नव्हता. "तुम्ही... मुलाच्या घरात राहणाऱ्या आई."

"म्हणजे पाहुणी."

"तसं नाही हो."

"तसंच आहे. ही पोर भाडं तरी देते. मी तेही देत नाही." आणि बाई हसल्या. कोरडं, ऑपरेटरचं हसू, लाइन खराब असली तर गिऱ्हाइकाला ऐकवायचं.

शीतलला मात्र हसू येईना. "सर, मला नोटीस आली तर? घरी माहीत पडलं तर बाबा म्हणतील, पुरे झालं पुणं."

"इलाज आहे," मी म्हटलं. "कंटाळवाणा आहे, पण आहे."

दुसऱ्या दिवशी निखिलचा फोन आला. गोड मुलगा. काका, काका करत आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, मग मुद्द्यावर आला. "काका, एवढी कटकट आहे तर ती खोली बंदच करू या. तुम्ही आईला फक्त एवढं सांगा, की एनआरआयच्या घरात पेइंग गेस्ट ठेवणं कायद्याने चालत नाही. तुमचं ऐकेल ती."

"पण चालतं की."

"माहितीये हो. पण एकदाच सांगा ना, प्लीज. नाहीतरी मी तो फ्लॅट विकायचं बघतोय. तिला इकडेच घेऊन येतो. किती दिवस एकटी राहणार ती?"

"एकटी कुठे? शीतल आहे."

"ती परकी आहे काका." मग सहज सुरात, "बाय द वे, आमच्या इथल्या ग्रुपमध्ये बरेच जण तुमच्याबद्दल विचारतायत. सगळ्यांचे पुण्यात फ्लॅट आहेत."

वाचकहो, आमिष ओळखण्याइतका मी या धंद्यात मुरलेलो आहे, आणि ते चांगलं घसघशीत होतं. मी फक्त एक वाक्य बोलायचं होतं. त्या वाक्याने बाईंची खोली जाणार होती, मागोमाग घर आणि मग पुणं. त्या एकदा टेक्सासला जाऊन आल्या होत्या. कसं वाटलं विचारल्यावर म्हणाल्या होत्या, "खिडकीतून रस्ता दिसतो. रस्त्यावर माणूस दिसत नाही."

आयकर कायद्याला मी भरपूर शिव्या घातल्या आहेत. पंगतीत त्याच्या नकला केल्या आहेत. पण त्याच्या तोंडी कधी खोटं वाक्य घातलं नाही. नटाची शिस्त आहे ती. संहिता आपली नसेल तर तिच्यात पदरचं घालू नये. मी निखिलला म्हटलं, "हे तूच आईला सांग. माझ्या ऑफिसात, माझ्यासमोर. कायद्याचं मी बोलतो, तुझं तू बोल."

ठरल्या दिवशी त्याची सकाळ आणि आमची संध्याकाळ जुळवली. बाई आल्या, शीतल आली, संगणकावर निखिल आला, आणि नेमका माझ्या संगणकाचा आवाज बंद पडला. मी खिडकीतून हाक मारली. सलीमभाई स्वतः एक स्पीकर घेऊन वर आले, वायरी जोडल्या. "सभेसाठीचा आहे साहेब. एकाच माणसासाठी जरा जास्त होईल, पण दुसरा नाही." एवढं बोलून ते खाली गेले.

निखिलने सुरुवात कराची केली. टॅन कोण काढणार? भाडं कुठल्या खात्यात? अमेरिकेतही दाखवावं लागेल ना? मी उत्तरं देत गेलो. टॅन शीतल काढेल, अर्ज मी भरून देईन. भाडं निखिलच्या इथल्या रुपयांच्या खात्यात, परदेशी राहणाऱ्यांसाठी ते वेगळं असतं. अमेरिकेत दाखवावं लागेलच, पण एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसू नये म्हणून दोन देशांचा करार आहे. तिकडचा सल्लागार ते बघेल.

"आई, बघतेस ना, लीगली किती कॉम्प्लिकेटेड आहे हे..."

"नाही," मी म्हटलं. "किचकट आहे. बेकायदेशीर नाही."

मग तो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. बाई इतका वेळ हाताची घडी घालून ऐकत होत्या. त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"निखिल, तीन मिनिटं झाली."

"काय?"

"कॉल. आता खरं काय ते बोल. वाढवून हवा असेल तर वाढवून देते."

पडद्यावरचा तो चाळिशीचा मॅनेजर एकदम शाळेतला झाला. आणि मग सलीमभाईंच्या सभेच्या स्पीकरमधून, जिन्यावरून खाली, दुकानांवरून पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा आवाज आला, "आई, ती माझी खोली आहे!"

खालचं माइक टेस्टिंग थांबलं. सलीमभाईंनी खालून विचारलं, "दातारसाहेब, आवाज कमी करून देऊ का?"

"राहू द्या," माझ्याआधी बाईच म्हणाल्या.

निखिल आता हळू बोलायला लागला, पण त्या स्पीकरला हळू माहीतच नव्हतं. "माझं कपाट आहे तिथे. माझ्या कॅसेट्स आहेत. खिडकीच्या काचेवर मी लावलेला स्टिकर आहे. तिथे कुणीतरी भलतंच राहतं. मी आलो तर कुठे जायचं?"

"तू येतोस दोन वर्षांनी, पंधरा दिवस," बाई म्हणाल्या. "बाकीचे दिवस त्या खोलीत मी तिन्हीसांजेला दिवा लावायला जायची आणि जेवण झालं की घालवायला. आत कुणी नाही. आता ही लावते. बाहेर येऊन विचारते, काकू, जेवलात का? टॅन का फॅन काय असेल ते काढून देऊ हिला. मला ती खोली बंद करायची नाही, निखिल. आणि मला घरही सोडायचं नाही."

तेवढ्यात शीतल पडद्याकडे बघून म्हणाली, "दादा, स्टिकर नाही काढला मी. आणि तुमच्या कॅसेटी पुसून ठेवते ना मी, दर रविवारी."

निखिलने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "काका," तो म्हणाला, "मग काय काय करावं लागेल?"

मी कित्येकदा टाळ्या घेतल्या आहेत. या प्रश्नाइतकी दाद मला कधी मिळाली नाही.

आधी मी सरळ मार्ग सांगितला. मुलाने घर आईला बक्षीसपत्राने द्यावं. मुद्रांक शुल्क भरावं लागेल, पण आई-मुलात त्यावर आयकर नाही, आणि परदेशी मालकाचा प्रश्नच मिटेल.

"दिलेलं परत घ्यायची आमच्यात पद्धत नाही," बाई म्हणाल्या. विषय संपला.

मग दुसरा मार्ग. निखिलने तिकडच्या आपल्या वकिलातीत जाऊन आईच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं, म्हणजे त्याच्या वतीने सह्या आणि व्यवहार बाई करणार. मागच्या महिन्यांचा न कापलेला कर शीतलच्या नावाने व्याजासकट भरला. व्याजाचे पैसे बाईंनी दिले. "मालक मी आहे असं मीच सांगितलं होतं तिला," एवढंच म्हणाल्या. निखिलचं इथे दुसरं काहीच उत्पन्न नव्हतं. एका खोलीचं भाडं, त्यातून ते दुरुस्तीचे तीस टक्के गेले की उरलेलं करमुक्त मर्यादेच्या आत, म्हणजे कर शून्य. म्हणून विवरणपत्र भरून कापलेला कर परत मागितला, आणि यापुढे कमी कापावा असा दाखला मिळावा म्हणून अर्ज केला. आयकर कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी कागदांचा गठ्ठा बघून विचारलं, "एका खोलीसाठी एवढं?" मी म्हटलं, "साहेब, बंगल्यासाठी तर सगळेच करतात." दाखला मिळाला. माझ्या कामाचा मला कशाचा अभिमान आहे असं कुणी विचारलं तर मोठमोठ्या कंपन्यांची नावं सोडून मी हा दाखला सांगतो.

अकरा महिन्यांचा करार करायला बाई पुन्हा आल्या. अटी त्यांनीच सांगितल्या. रात्री पाणी भरून ठेवावे. पाहुणे चालतील, पाहुण्यांचे पाहुणे चालणार नाहीत. मी टंकत होतो.

"पुढचं लिहा. मालकाने येण्यापूर्वी पंधरा दिवस आधी कळवावे."

माझे हात थांबले. "बाई, मालकाने? स्वतःच्या घरात यायला?"

"भाडेकरूला नोटिशीची अट असते ना? मग मालकालाही असू दे."

"पण तो मान्य करेल का?"

"मुखत्यार कोण?"

"तुम्ही."

"म्हणजे मी लिहिते ते त्यानेच लिहिलं. बरोबर ना, दातार? तुम्हीच सांगितलंत."

मी लिहिलं. आयकरात इतकी वर्षं काढली, पण मुखत्यारपत्राचा एवढा मनापासून केलेला वापर दुसरा पाहिला नाही.

निखिलच्या ग्रुपमधून एकही फाइल माझ्याकडे आली नाही. थोडं लागलं, खोटं कशाला सांगू? पण नगर रस्त्यावरून, वाघोलीपासून, आया यायला लागल्या. दारातच म्हणायच्या, "अहो, देवस्थळीबाईंनी पाठवलंय. आम्ही म्हणे मालक नाही." नवीन फाइल उघडताना मी आता एक जास्तीचा प्रश्न विचारतो, की घरात संध्याकाळी दिवा कोण लावतं? त्याचं उत्तर कुठल्या रकान्यात बसत नाही, पण ते कळल्याशिवाय मी बाकीचे रकाने भरत नाही.

पुढच्या साली गणपतीच्या आधी निखिलचा फोन आला. "काका, एक नोटीस द्यायची होती."

"कुणाला रे?"

"मुखत्यारांना. मी येतोय. पंधरा दिवस आधी कळवायचं आहे ना."

"मग आईला थेट कळव की."

"नाही म्हणाली तर? तुम्ही विचारा ना."

मी बाईंना फोन लावला. पलीकडून तोच जुना, स्वच्छ, सरकारी आवाज. "बोला."

"मालक येतायत, बाई. पंधरा दिवसांसाठी."

मागे कुठेतरी शीतलचा आवाज, ती हॉलमध्ये झोपते म्हणत होती. बाईंनी तिला गप्प केलं. "तू भाडं देतेस. तू तुझ्या खोलीत." मग मला म्हणाल्या, "खोली रिकामी नाही म्हणावं. हॉलमध्ये गादी घालते. कॅसेट ऐकायच्या असतील तर शीतलला विचारून घ्यायच्या."

"बरं. आणखी काही सांगू?"

या वेळी आलेला आवाज ऑपरेटरचा नव्हता.

"ये म्हणावं. या घरात एक पाहुणी आहेच. आणखी एक आला तर जड नाही."

मी निखिलला फोन केला आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. पदरचं एक अक्षर घातलं नाही.